दारूबंदीच्या जिल्ह्यातला बेवडा

गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि त्या जिल्ह्यातला सगळ्यात नावाजलेला बेवडा मी आहे. माझे बॅनर लागतात. बॅनरवर मी विजेच्या खांबाला मिठी मारून उभा, डोळे अर्धे मिटलेले, धोतराचा सोगा दातात. आणि खरं सांगायचं तर मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. मोहफुलाचीही नाही, आणि आमच्याकडे मोहफुलं अंगणात पडतात. हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय, की आता ते बोललं की लोक टाळ्या वाजवतात. त्यांना वाटतं, नत्थूभाऊनं नवीन जोक मारला.

तुम्ही लांबचे वाचक असाल तर आधी धंदा समजावून सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. धान कापून घरात आलं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, कुठं बैलांचा पट, म्हणजे शर्यत लागते, आणि त्या रात्री गावात नाटक पाहिजे म्हणजे पाहिजेच. नाटक नसलं तर गावाची इज्जत गेली. वडशाला नाटक मंडळांची ऑफिसं आहेत. गावची कमेटी तिथं येते, नट कोण, नटी कोण, लावणी कोणाची, कॉमेडी कोणाची हे विचारून नाटक ठरवून जाते. दिवाळीपासून होळीपर्यंत आम्ही रोज नव्या गावात. जेवणं आटोपली की पडदा उघडतो आणि उजाडायला लागलं की पडतो. लेकी माहेरी येतात, जावई येतात, ज्यांच्या घरी लग्नाचं पोट्टं किंवा पोट्टी आहे ते सोयऱ्यांना मुद्दाम बोलावतात. अर्ध्या झाडीपट्टीच्या सोयरिकी नाटकाच्या मंडपात जुळल्यात, असं म्हटलं तरी चालेल.

या रात्रभराच्या नाटकात रडारडी पुष्कळ असते. आई वाऱ्यावर पडते, भाऊ भावाच्या जिवावर उठतो, सून घराबाहेर निघते. लोक मनापासून रडतात. पण रात्रभर कोण रडेल हो? म्हणून मधूनमधून मला सोडतात. लेखक माझ्यासाठी फार लिहीत नाही. संहितेत लिहिलेलं असतं, 'इथं नत्थूभाऊ', बस. पुढचं नत्थूभाऊनं आपल्या डोक्यानं भरायचं.

आता बेवडा कसा करतात ते सांगतो, फुकटात. नवशिका नट बेवडा करायला घेतला की आधी लडखडतो, आणि तिथंच फसतो. पेलेला माणूस लडखडायला पाहत नाही. तो बिचारा सरळ चालायला पाहतो, जीव तोडून. लोकांना हसू येतं ते त्या मेहनतीचं. माझी चाल अशी आहे, की थोडी पावलं एकदम साहेबासारखी, मग थांबायचं, जमिनीकडे संशयानं पाहायचं, तिची माफी मागायची आणि पुढं निघायचं. आमच्या स्टेजवर माइक वरून टांगलेले असतात. झोकांड्या खात का होईना, वाक्य बोलायच्या वेळी बरोबर माइकखाली पोचावं लागतं. म्हणजे बेवडा हरवलेला दिसला पाहिजे आणि नट हरवला नाही पाहिजे. हे ज्याला जमलं त्याला मी हात जोडतो. आमच्या भागात अजून तरी जोडायची वेळ आली नाही.

अशा नावाचा त्रासही होतो. तपासणीच्या नाक्यावर आमची गाडी थांबली की शिपाई आधी मला खाली उतरवतो, तोंड हुंगतो आणि त्याचं तोंड उतरतं. राजुऱ्याच्या पुढं जिवतीच्या डोंगरात एकदा प्रयोग झाला, तर सकाळी एक म्हातारा जडीबुटी घेऊन हजर. 'माह्या पोराची सुटली, तुमचीबी सुटन,' म्हणाला. एवढ्या मायेनं आणलेली, नाही कशी म्हणू? घेतली. पुढच्या गावात मी स्टेजवर कमी आणि शेतात जास्त होतो.

हे सगळं मी मजेत घेत आलो. लोकांनी बेवडा म्हणावं ही माझी कमाईच होती. पण मागं एका सीझनला ती कमाई माझ्या पोरीच्या आड आली.

माझी प्रणाली आरमोरीकडं दवाखान्यात नर्स आहे. तिथं निखिल नावाचा मुलगा आपल्या आईला बीपी तपासायला आणायचा. मुलगा घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात, शिफ्टची ड्युटी, सुट्टी मिळाली की मोटरसायकलनं गावी. आईचं बीपी ठीक झालं तरी मुलगा येतच राहिला, तेव्हा दवाखान्यात सगळ्यांना समजलं. आम्हालाही समजलं. पोरगा चांगला, घर चांगलं, जमीन थोडी पण ओलिताखालची. मी मध्यस्थाकडून निरोप पाठवला आणि मध्यस्थ मान खाली घालून परत आला.

मुलाची आई पार्बताबाई. गावच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष. नवरा दारूनं गेलेला, पोराला एकटीनं वाढवलेलं. जंगलात कुठं मोहाचा सडवा, म्हणजे दारू गाळायला कुजवत ठेवलेला माल सापडला, की ही बाई बायका घेऊन जाते आणि मडकी फोडून येते. तिचा निरोप असा होता, की पोरगी हिऱ्यावानी हाय, पण बेवड्याच्या घरची सोयरीक मी नाई करत.

"मी जाऊन सांगतो ना त्याइले, का मी पेत नाई," मी म्हटलं.

प्रणाली म्हणाली, "बाबा, बेवडा कधी सांगते का, का मी पेतो म्हून?"

 

"निखिल काय म्हणते?" मी विचारलं.

"ते म्हणते, आईच्या वरत मी नाई जात. आन् त्याइनं जाऊबी नाई." पोरगी शांतपणे बोलली, पण ओढणीशी चाळा करत होती. नर्सच्या नोकरीत तिनं काय काय पाहिलंय, कशाला घाबरत नाही. त्या दिवशी मात्र घाबरलेली दिसली. मग म्हणाली, "तुमचं नाटक हाय त्याइच्या गावाले, मंडईले. त्याइची आई येनार हाय पाहाले."

माझी बायको यमुना लगेच म्हणाली, "त्या दिवशी दुसरा पार्ट घ्या. एखाद्या मास्तराचा, नाई तं पुजाऱ्याचा."

मी मंडळाच्या मालकाला विचारून पाहिलं. त्यानं बॅनर दाखवला. गावानं नाटक ठरवलं होतं तेच मुळी खांबाला मिठी मारलेला नत्थूभाऊ पाहून. तेव्हा पार्ट सुटत नव्हता. म्हणून मी ठरवलं, की पार्ट तोच करायचा, पण हलका करायचा. थोडीशी घेतलेला, घरंदाज बेवडा. अशानं बाईला वाटेल, या माणसाला पिणं ठाऊक दिसत नाही, नुसतं नाटक करतो.

गावात पोचलो तर ऊन अजून चांगलं होतं. इतक्या वर्षांची पूर्ण चाल अंगात मुरलेली, अर्धी चाल काही केल्या जमेना. म्हणून शाळेच्या मागं, धान कापलेल्या बांधीत जाऊन मी सराव करू लागलो. एक झोक कमी, एक हेलकावा कमी. आजूबाजूला कोणी नाही असं पाहूनच गेलो होतो. पण दारूबंदीच्या गावात भरदिवसा बांधीतून एक माणूस झुलत चालला तर काय होणार? मागून आवाज आला, "थांब रे."

वळून पाहिलं तर काठ्या घेतलेल्या बायका. त्यांनी मला मधात घेतलं. सगळ्यांच्या पुढं होती ती उंच, काळीसावळी, कपाळ मोठं. माझ्या अगदी तोंडाजवळ येऊन तिनं हुंगलं.

"वास नाई येत," ती म्हणाली.

"बाटलीची पेला असन, पार्बताबाई. तिचा वास नाई येत," मागची एक म्हणाली.

तेव्हा मला समजलं, आपण कोणासमोर उभे आहोत.

"कोन्या गावचा?" पार्बताबाईंनी विचारलं.

"नाटकाचा हाव जी."

"पार्ट कोनता?"

खोटं बोलून फायदा नव्हता. बॅनर पंचायतीसमोरच लावला होता. "बेवड्याचा," मी म्हटलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी कोण, माझी पोरगी कोण, हे त्यांच्या लक्षात आलं ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. "आतापासूनच सुरू केला का?" एवढंच म्हणाल्या आणि बायकांना घेऊन निघून गेल्या. माझ्या सगळ्या धंद्यात माझी एन्ट्री इतकी वाईट कधी पडली नाही.

नाटकाच्या वेळी बाई आपली समिती घेऊन अगदी पुढं बसल्या होत्या. मी पहिल्या प्रवेशाला आलो. घरंदाज बेवडा. दोन हेलकावे दिले, तिसरा गिळला. लोक वाट पाहत होते. कोणी हसेना. मागून कोणीतरी ओरडलं, "आज नाई पेला वाटते."

आणि मंडप हसला. माझ्या वाक्यावर नाही, त्याच्या. दुसरा म्हणाला, "पाजा रे कोनी भाऊले, गाडी सुरू नाई होऊन राह्यली." आणखी हसले. मी पुढं पाहिलं. पार्बताबाई शेजारणीकडं वाकून मान हलवत होत्या. त्या काय म्हणाल्या असतील ते सांगायला मला प्रॉम्प्टर नको होता. पेल्याशिवाय याचं काम होत नाही, हे आता अख्ख्या गावानं त्यांच्यासमोर सिद्ध करून दिलं होतं.

पडद्यामागं आलो तर एक दयाळू माणूस माझी वाटच पाहत होता. कानाशी लागून म्हणाला, "भाऊ, सोय करू का? तणसीच्या ढिगात ठेवून हाय." बंदीच्या गावात एवढं प्रेम मला कोणी दाखवलं नव्हतं. मी नको म्हटलं तर तो खरोखर काळजीत पडला. "मंग काम कसं करान?" म्हणाला.

माझ्या बायकोचा पार्ट करणारी शशिकला कमरेवर हात ठेवून उभी होती. ती माझ्यासोबत अनेक सीझन आहे, माझ्यापेक्षा माझी वाक्यं तिला जास्त पाठ. "भाऊ, काय करून राह्यले तुमी? माहीबी टाळी खाऊन टाकली." मी तिला सगळी गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतली, आणि पोरीचं ऐकून तिचा आवाज खाली आला, पण बोलली ते मला अजून आठवतं. "अर्धा बेवडा कोनी पाह्यला का भाऊ? बेवडा असते, नाई तं नसते. तुमी तं दोन्हीकडून गेले."

बरोबर होतं तिचं. मी मिशी पुन्हा चिकटवली, सोगा दातात धरला आणि ठरवलं. सोयरीक मोडायचीच असेल तर चांगल्या कामानं मोडू दे, वाईट कामानं कशाला?

दुसऱ्या प्रवेशाला मी पूर्ण आलो. जमिनीची माफी मागितली तिथंच मंडप उठला. त्यानंतर लोकांनी मला सोडलं नाही आणि मीही त्यांना सोडलं नाही. खांबाला मेहुणा समजून मी त्याच्याशी भांडलो, मग त्याच्या गळ्यात पडून रडलो, मग त्याला त्याच्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या तक्रारी सांगितल्या. तेवढ्यात शशिकला मुसळ घेऊन धावत आली आणि तिचा पाय खाली गेला.

आमचं स्टेज म्हणजे ड्रमवर टाकलेल्या फळ्या. कडेची एक फळी बांधायची राहिली होती. ती एका टोकाला दाबली गेली आणि शशिकला पालथी स्टेजच्या खाली चालली, मुसळासकट. विचार करायला वेळ नव्हता. मी झोकांडी खाल्ली ती नेमकी तिच्या बाजूला, तिचा दंड धरला, तिला माइककडं फिरवलं आणि म्हटलं, "पेलो मी, आन् पडून तू राह्यली?" लोक इतके हसले की कोणाला काही समजलं नाही. मात्र फळी सुटीच होती, आणि अजून गाणं बाकी होतं, तिला त्याच कोपऱ्यात नाचायचं होतं. मग मी डावा पाय त्या फळीच्या टोकावर रोवला आणि पूर्ण गाणं तिथंच उभा राहिलो. वरून अंग डुलतंय, मान गळतेय, हात हवेत फिरतायत, आणि पाय एका जागी. सांगतो तुम्हाला, त्या गाण्यात माझ्या मांडीला जे गोळे आले ते अजून थंडीत आठवण देतात.

प्रवेश संपला, मी आत आलो, फळी बांधून घेतली. पोरीच्या सोयरिकीवर पाणी सोडलं आणि काम मात्र झकास झालं, अशा दोन गोष्टी एकदम मनात होत्या. आनंद झाला होता हे कबूल केलं पाहिजे. 

सकाळी सामान गाडीत चढत होतं तेव्हा एक बाई बोलवायला आली. पार्बताबाईंच्या अंगणात बाज टाकली होती. चहा आला. समितीच्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, काठ्या मात्र नव्हत्या.

"पह्यल्या येळी काऊन तसं केलं?" बाईंनी सरळ विचारलं.

"तुमाले वाटावं का मी पेत नाई, म्हून."

"म्हंजे मले फसवाले पाहत होते." मी मान हलवली. त्या पुढं म्हणाल्या, "मंग मी तुमच्या तोंडाकडं पाह्यलंच नाई. पायाकडं पाह्यलं. माह्या नवऱ्याच्या पायाकडं मी जिंदगीभर पाह्यलं हाय, दारातून आत येताना. पेलेल्याले आपल्या पायाखालचं समजत नाई. तुमचा डावा पाय गानं सरेपर्यंत हालला नाई. त्या बाईसाठी फळी दाबून धरली ना तुमी?"

मी हो म्हटलं. शशिकलेच्या आणि माझ्याशिवाय ती फळी कोणी पाहिली असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"असं पेलेला माणूस नाई करत," पार्बताबाई म्हणाल्या. "पोरगी आमाले पसंत हाय. पन लग्नात एक बाटली दिसली, तं वरात वापस."

मला एवढा आनंद झाला की माझ्यातला नट लगेच जागा झाला, आणि मी विचारून बसलो, "मंग काम कसं वाटलं जी? हसले का तुमी?"

"नाई," त्या म्हणाल्या. "मले त्याचं हसू नाई येत. गावाले येऊ द्या."

भिंतीजवळच्या बायकांपैकीही बऱ्याच जणी खाली पाहत होत्या. इतकी वर्षं मी मंडप हसतो का ते पाहत आलो. मंडपात कोण हसत नाही, हे मोजायचं मला कधी सुचलं नव्हतं. त्याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं. पण मी पार्ट सोडला नाही. लोकांनी तो का सोडू द्यावा आणि मी तरी का सोडावा? फक्त आता त्या प्रवेशात पुढं बसलेल्या बायांकडं एकदा पाहून घेतो. एखादी खाली पाहत असली की खांबाला मेहुणा म्हणणं आटोपतं घेतो.

लग्न आमच्या गावी झालं, वडशाजवळ. बाटली दिसली नाही, माझ्या साळ्यावर यमुनानं खास नजर ठेवली होती. जेवणं झाली, मुलगी निघायची वेळ झाली. प्रणाली गाडीत बसली. तोवर मी सगळ्यांना हसवत होतो, इवाई, म्हणजे व्याही मंडळींच्या टोप्या उडवत होतो. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि माझ्या पायातलं बळच गेलं. मी गाडीच्या काचेशी जायला निघालो तर गुडघा वाकला, दुसरं पाऊल भलतीकडं पडलं, मी मांडवाच्या खांबाला धरलं.

आणि लोक हसले. आमच्या गावचे हसले, वरातीतले हसले. एक जण शिट्टी वाजवून म्हणाला, "वा नत्थूभाऊ." माझे डोळे वाहत होते, तेही त्यांना कामातच वाटले. आयुष्यभर खोटं इतकं खरं केलं, की आता खरं खोटं ठरलं.

पार्बताबाई गाडीत पुढं बसल्या होत्या. दार उघडून त्या खाली उतरल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "चूप बसा. नाटक नोहोय हे."

सगळे एकदम गप्प झाले. बँडवाल्यानंही हात थांबवला.  काचेतून प्रणाली माझ्याकडं पाहत होती आणि तिचा हुंदका आता बाहेर ऐकू येत होता. मी एवढंच ठरवलं, की पोरगी अशी जाता कामा नये. खांब सोडला. धोतराचा सोगा दातात धरला. थोडी पावलं साहेबासारखी टाकली, थांबलो, जमिनीकडं संशयानं पाहिलं आणि तिची माफी मागितली.

यावेळी कोणी हसलं नाही. लोकांना आता हसावं की नाही तेच समजेना. एकटी प्रणाली हसली, नाक पुसत, खळखळून, लहानपणी चुलीजवळ बसून माझा सराव पाहताना हसायची तशी. तिला हसता येतं, कारण आमच्या घरात ती चाल कधी दारातून आत आली नाही. पार्बताबाई गाडीचं दार धरून उभ्या होत्या, आणि माझ्याकडं न पाहता आपल्या सुनेकडं पाहत होत्या. या चालीवर घरची पोरगी अशी हसू शकते, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.